बाबांच्या बाजूची स्प्रिंग

आमची गाडी रिकामी उभी असली की तिचा एक खांदा वर असायचा. चालकाच्या बाजूचा. नवखा माणूस हमखास थांबून सांगायचा, "अहो, तुमची गाडी कललीय." त्यावर आईचं उत्तर ठरलेलं असे, "मालक बसले की होईल सरळ."

आणि खरंच व्हायची. बाबा दार उघडायचे, आधी एक पाय आत, मग पोट, मग उरलेले बाबा. गाडी एक सुस्कारा सोडून खाली यायची आणि टेबलावर ठेवलेल्या पुस्तकासारखी सपाट उभी राहायची.

बाबा एकशे बारा किलोंचे होते. एवढा अवाढव्य माणूस आणि धंदा मनगटी घड्याळं दुरुस्त करण्याचा. दुकान इतकं चिंचोळं, की ते स्वतःच म्हणत, "आत एक तर मी मावतो, नाहीतर गिऱ्हाईक." पण त्या जाडजूड बोटांनी ते केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवायला लागले, की बघणाऱ्याचा श्वास आपोआप अडकायचा. लहानपणी मी शाळेतून थेट दुकानात जायचे आणि काउंटरवर हनुवटी टेकवून बघत राहायचे. काम संपलं की ते डोळ्यावरचं भिंग काढून म्हणत, "घे ठमे, आता सोड श्वास."

गाडीचं ते कलणं म्हणजे सायलेन्सरकाकांची करामत. हे बाबांचे शाळेपासूनचे मित्र. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलत, म्हणून हे नाव. गाडी घेतल्यावर दोन-तीन महिन्यांतच त्यांच्या लक्षात आलं, की बाबांच्या वजनाने ती एका बाजूला बसते आणि त्या बाजूचं पुढचं टायर जास्त झिजतं. त्यांनी कोपऱ्यातल्या लेथवर अठरा मिलिमीटर जाडीची एक लोखंडी चकती कातली, बाबांच्या बाजूच्या पुढच्या स्प्रिंगखाली सरकवली आणि म्हणाले, "आता बस." त्यांच्या हिशेबाने हे भाषण झालं.

आईने मात्र कुरकुर केली होती. "इतके दिवस वळणावर मी यांच्याकडे घसरत होते. चांगलं चाललं होतं. आता हे माझ्याकडे घसरणार. चिरडून मेले तर जबाबदार कोण?"

मी सत्तावीस वर्षांची असताना बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी तेव्हा पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचं काम करत होते. दुपारी निरोप आला आणि मी हातातली पेन्सिल तशीच घेऊन दवाखान्यात पोचले. त्यांची डावी बाजू गेली होती. बोलणं महिन्याभरात परत आलं, पाय थोडा थोडा हलायला लागला, पण डावा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडून असायचा. घड्याळाच्या कामाला दोन्ही हात लागतात. एकाने धरायचं, दुसऱ्याने करायचं. दुकानाला कुलूप लागलं. किल्ली बाबांनी आईकडे दिली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही.

घरी ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहत. विचारलं तर बोलत, आपणहून नाही. ताट अर्ध्यावर सरकवत. आईने त्यांचे सदरे एकदा आत घेतले, मग पुन्हा एकदा घेतले. शिलाईचं मशिन दुपारी, ते झोपलेले असतानाच चालायचं. त्यांचं वजन किती उतरलंय हा विषय घरात कुणी काढला नाही. काटा पलंगाखाली होता, तो तिथेच राहिला.

डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम केंद्रात न्या, नाहीतर हात कायमचा जाईल. केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. टॅक्सीने एकदा नेलं. टॅक्सीवाला भला माणूस होता, त्याने बाबांना काखेत हात घालून उचलून आत बसवलं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "मी पोतं नाही, कुणीही उचलावं आणि कुठेही टाकावं असं. जाईन तर आपल्या गाडीतून जाईन."

आपली गाडी सात महिने दारात धूळ खात होती. मी गाडी शिकले होते, पण बाबा असताना ती जागा मला मिळणार कुठून? आता ठरवलं, रविवारी गाडी धुवायची, बॅटरी लावायची आणि सराव सुरू करायचा. शनिवारी सकाळी आई अंगणातूनच ओरडली, "अगं, गाडी गुडघ्यावर बसलीय बघ!"

खरंच बसली होती. बाबांच्या बाजूचं पुढचं चाक मडगार्डमध्ये शिरलं होतं. सायलेन्सरकाका आले, गाडीखाली शिरले आणि हातात वितीएवढा वाकडा तुकडा घेऊन बाहेर आले. गंजून गंजून स्प्रिंगचा खालचा वेढाच तुटला होता.

"नवी मिळेल ना?" मी विचारलं.

"कंपनी बंद."

"मग जुनी?"

त्यांनी नुसते खांदे उडवले. तरी पुढचे पंधरा दिवस ते भंगाराची आवारं पालथी घालत होते. आमच्या जातीच्या गाड्या दोन सापडल्या, पण त्यांच्या स्प्रिंगा आमच्यापेक्षा थकलेल्या. आई म्हणाली, "देऊन टाकू या ती गाडी. रोज खिडकीतून बघतात आणि गप्प होतात. नजरेआड तरी होईल."  तिचंही चुकत नव्हतं.

त्याच संध्याकाळी काका दारात उभे राहिले. हातात काळी, तेलकट स्प्रिंग. पाववाल्यांकडे असते तसल्या सामानाच्या व्हॅनची, पुढच्या चाकाची. "हिचं बघू," ते म्हणाले. "उद्या ये. मोजायला."

ते गॅरेज आता नाही. त्या जागी सोफ्यांचं दुकान आहे, काचेच्या दारांचं. तिथून जाताना मला अजून रॉकेलचा, ओल्या सिमेंटचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास येईलसं वाटतं. लांबट खोली, एका भिंतीवर पाने आकारानुसार टांगलेले आणि प्रत्येकामागे त्याच पान्याची रंगाने काढलेली आकृती, म्हणजे कुठला गायब आहे ते लगेच कळावं. मागच्या खिडकीखाली लेथ. लेथवर नेहमी एक स्वच्छ फडकं घडी करून ठेवलेलं. काकांना कुणी नातेवाईक नव्हते, पण त्या फडक्याची घडी पाहून वाटायचं, या माणसाचं घर इथेच आहे.

मी जाडी मोजायचं व्हर्निअर घेऊन बसले. आमची तुटकी स्प्रिंग एका बाजूला, व्हॅनची दुसऱ्या बाजूला. तारेची जाडी, वेढे, आतला घेर, न दाबता उंची, सगळं आलेखाच्या कागदावर उतरवलं. व्हॅनची स्प्रिंग उंच होती, एक वेढा जास्त. तार अर्ध्या मिलिमीटरने बारीक. घेर लहान, त्यामुळे आमच्या गाडीत स्प्रिंग ज्या लोखंडी वाटीत बसते तिच्यात ती नीट बसेना, डुगडुगायची.

घरी येऊन कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. बाबा खिडकीपाशी होते. बऱ्याच वेळाने आवाज आला.

"वेढे किती?"

मी मान वर केली. "कामाचे सात. आपल्या जुनीचे सहा. एक कापावा लागेल."

"एक कापलास तर नुसती बुटकी नाही होणार. टणक पण होईल."

"माहीत आहे."

"किती टणक?"

हे मला सांगता येईना. बाबा म्हणाले, "माझा चष्मा दे."

सात महिन्यांत त्यांनी चष्मा मागितला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थबकली. मी त्यांची खुर्ची टेबलाशी ओढली. उजव्या हाताने ते आकडे मांडू लागले. कागद सरकायचा, म्हणून आईने पुढे होऊन त्याच्या कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली. घड्याळातली असो की गाडीतली, स्प्रिंगचं गणित एकच, हे मला त्या दिवशी कळलं. तार बारीक म्हणून मऊ, घेर लहान म्हणून टणक, वेढा कमी म्हणून आणखी टणक. अर्ध्या तासाने बाबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"जमतंय. एकोणीस-वीसचा फरक. पण त्याला सांग, गॅसने कापायची नाही. तापली की तिच्यातला जीव गेलाच."

हा निरोप मी दुसऱ्या दिवशी काकांना दिला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना पाना कसा धरायचा ते शिकवतेय.

"घड्याळजी आता मला शिकवणार?" ते म्हणाले. पण मिशीत हसत होते. कापताना त्यांनी दगडी कटर लावला, दोन्ही बाजूंनी ओली फडकी गुंडाळली, आणि दर अर्ध्या मिनिटाला थांबून तारेला हात लावून बघत राहिले. दोन स्प्रिंगा कापायला अख्खी सकाळ गेली. एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला जुनी ठेवून चालत नाही, दोन्ही पुढच्या बदलाव्या लागतात, म्हणून काकांनी त्याच व्हॅनची दुसरीही आणली होती.

पुढचा आठवडा बैठकांचा. लहान घेराची स्प्रिंग मोठ्या वाटीत घट्ट बसावी म्हणून खोबण असलेल्या दोन गोल बैठका कातायच्या होत्या. त्यांची ड्रॉइंग मी काढली. कारखान्यात काढलेल्या कुठल्याच ड्रॉइंगवर मी इतका जीव लावला नव्हता. रोज संध्याकाळी कागद बाबांसमोर ठेवायचा, त्यांनी एक चूक काढायची, मी खोडायचं. "इथे कड धारदार ठेवू नकोस, स्प्रिंग खाईल ती." "इथून पाणी निघून जायला भोक कुठंय?" एकदा जेवताना ते ताट सरकवायचं विसरले आणि सगळं संपवून बसले. आईने मला टेबलाखालून पाय मारला.

बाबांच्या बाजूची ती अठरा मिलिमीटरची चकतीही गंजून फुटली होती. मी तिचंही नवं ड्रॉइंग काढलं. जशी होती तशी, अठराची. मला तेव्हा वाटलंही नाही, की यात विचार करण्यासारखं काही आहे.

रविवारी दुपारी, आठवडाभर गॅरेजात जॅकवर असलेली गाडी चाकांवर उतरवायची होती. बाबा म्हणाले, मी येणार. मागची गल्ली तीन मिनिटांची, आम्हाला पंचवीस लागली. एका हातात काठी, दुसऱ्या बाजूला मी, मागे आई पाण्याची बाटली घेऊन. गॅरेजच्या दारात काकांनी खुर्ची ठेवली होती. बाबा बसले नाहीत.

काकांनी जॅक सोडला. गाडी खाली आली, आणि तिचा तो ओळखीचा खांदा वर राहिला.

"आली बाई माझी गाडी!" आई म्हणाली आणि चक्क टाळी वाजवली. "बसा हो आता. सरळ करा तिला."

बाबांनी काठी माझ्याकडे दिली. आधी कमरेने सरकत ते सीटवर बसले, डावा पाय हाताने उचलून आत घेतला, मग उजवा. गाडी खाली आली. थोडीशी. आणि थांबली.

खांदा वरच होता.

काकांनी बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडी तीन-चारदा खालीवर दाबली. नवी स्प्रिंग कधीकधी अडून बसते. गाडी हलली, डुलली आणि पुन्हा तिथेच आली. त्यांनी टेप काढून दोन्ही चाकांवरचं अंतर मोजलं. मी घाईने माझे कागद उलगडले. कुठे चुकले? बैठक जाड झाली? वेढा कमी कापला? सगळे आकडे बरोबर होते. मी मान वर केली तेव्हा आई बाबांच्या सदऱ्याच्या कॉलरकडे बघत होती. तिने दोनदा आत घेतलेल्या कॉलरमध्येही त्यांची मान सैल होती. मग माझ्या लक्षात आलं.

बाबांचा हात स्टिअरिंगवर होता. "किती वर आहे?" त्यांनी विचारलं.

काका टेप गुंडाळत राहिले.

"सायलेन्सर, किती?"

"सात."

बाबांनी समोरच्या काचेतून बघत मनात हिशेब केला. त्यांना वेळ लागला नाही. "म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलो गेले माझे," ते म्हणाले. "तरीच सदरे सैल होतायत. मला वाटलं, कापड ताणलं जातंय."

 आईने पदर तोंडाला लावला आणि लेथकडे तोंड करून उभी राहिली. काका चटकन खाली वाकले, जॅक ओढला आणि म्हणाले, "चकती बारीक करतो. अकराची. अर्ध्या तासाचं काम."

"थांब," बाबा म्हणाले. "कुणाच्या मापाची करतोयस?"

"तुझ्या."

"चालवणार कोण आहे?"

काका जॅक धरून तसेच राहिले. बाबा माझ्याकडे वळले. "ठमे, तुझं वजन किती?"

"अहो, बायकांना वजन विचारतात का?" आई लेथकडे तोंड करूनच बोलली. बोलल्याशिवाय तिला राहवेना.

"बायकांना नाही, पोरीला विचारतोय."

"चोपन्न," मी म्हणाले.

"चोपन्नला चकती कशाला हवी? काढून टाक रे ती. मी पलीकडे बसेन. दोघांचं मिळून होईल बरोबर."

असं म्हणाले, पण लगेच उतरले नाहीत. वीस वर्षं त्यांच्या तळव्याने गुळगुळीत झालेल्या स्टिअरिंगवरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. घड्याळाची काच बसवल्यावर ते तिच्या कडेवरून फिरवत तसा. मी दार धरून उभी होते. आत वाकून त्यांना म्हणावंसं वाटत होतं, की बाबा, असू दे, अकराची करू, तुम्ही बरे झालात की चालवाल. पण त्यांनी बघून घेतलं माझ्याकडे, आणि ते शब्द आतच राहिले.

"दे हात," ते म्हणाले.

काकांनी चकती काढली. काम झाल्यावर त्यांनी रॉकेलने हात धुतले, आणि मग पुन्हा एकदा धुतले, स्वच्छ असताना. गाडी खाली उतरली ती सरळ. बाबा पलीकडे बसले, आई मागे, मी बाबांच्या जागेवर. सीट इतकी मागे होती की माझे पाय पोचेनात. ती पुढे ओढताना खाली वर्षानुवर्षांची माती कुरकुरली.

गल्लीच्या तोंडाशी खड्डा होता. मी खड्ड्यात जाऊन ब्रेक दाबला. गाडीने नाक आपटलं.

"ब्रेक आधी, खड्डा नंतर," बाबा म्हणाले. "खड्ड्यात शिरलीस की सोडून दे तिला. स्प्रिंगला तिचं काम करू दे."

"पहिल्याच दिवशी ओरडू नका तिला," आई मागून म्हणाली.

"ओरडत नाहीये. सांगतोय."

सोमवार, बुधवार, शुक्रवार. मी कारखान्यातून लवकर सुटायची परवानगी काढली होती. जाताना बाबा रस्त्याकडे बघण्यापेक्षा गाडी ऐकत असत. "उजवीकडे काहीतरी टकटकतंय. बैठकीखालचं रबर असेल. बसेल." आणि आठवड्याभरात ते खरंच बसायचं. केंद्रात एक तरुण बाई त्यांच्याकडून मऊ चेंडू दाबून घ्यायच्या. दुसऱ्या महिन्यात डाव्या हाताची दोन बोटं हलली. तिसऱ्या महिन्यात ते काठीशिवाय खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत गेले, आणि परत येताना त्या बाईंना म्हणाले, "तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

चौथ्या महिन्यात एका शुक्रवारी परतताना ते म्हणाले, "इथून आत घे." जुन्या गिरणीमागे मोठं मोकळं मैदान होतं. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता, मैदानावर चिटपाखरू नव्हतं. मी गाडी थांबवली. बाबा उतरले, बॉनेटला हात लावत लावत पुढून वळसा घातला आणि माझं दार उघडलं.

"सरक तिकडे."

"बाबा, डॉक्टर..."

"डॉक्टरांना कुठे चालवायचीय? सरक. क्लच मी दाबतो, गिअर तू टाक."

मी सरकले. त्यांनी डावा पाय क्लचवर ठेवला, दाबताना कपाळावर घाम आला. "पहिला," ते म्हणाले. मी टाकला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती सरकली, रडत-रखडत, आणि मग चालायला लागली. "दुसरा." टाकला. एका हाताने त्यांनी मैदानाला वळसा घातला, मग दुसरा घातला. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. गिअरच्या दांडीवर हात ठेवून, कान देऊन, पुढच्या शब्दाची वाट बघत होते. दुसऱ्या वळशानंतर त्यांनी गाडी थांबवली आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

"क्लच जड झालाय," ते म्हणाले. "सायलेन्सरला सांग."

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला क्लच अजिबात जड लागत नव्हता, आणि हे काकांना माहीत होतं. शेवटची चाचणी त्यांनीच घेतली होती. तरी संध्याकाळी तेलाचा डबा घेऊन आमच्या दारात आले, पाऊण तास गाडीखाली पडून राहिले, केबल सोडली, तेल पाजलं, पुन्हा लावली. निघताना खिडकीतल्या बाबांकडे बघून एक बोट वर केलं. बाबांनीही केलं.

बाबांनी रस्त्यावर गाडी पुन्हा कधीच चालवली नाही, आणि मागितलीही नाही. त्यानंतर ते साडेपाच वर्षं होते. दुकान उघडलं नाही, पण मोठी भिंतीवरची घड्याळं घरीच दुरुस्त करायला लागले, कारण ती धरावी लागत नाहीत, टेबलावर ठेवता येतात. पण त्या वर्षी, थंडी संपेपर्यंत, दर शुक्रवारी केंद्रातून निघालो की गिरणीच्या वळणापाशी मी न विचारताच गाडी आत घ्यायचे, आणि बाबा आधीच पट्टा सोडून बसलेले असायचे.